जात कळली म्हणजे कुत्रा कळला?

मराठीत आपण ‘मेंढपाळ कुत्रा’ म्हणतो. पण या एका नावाखाली दोन अगदी निराळे प्राणी येतात. एक कळप राखतो, दुसरा कळप वळवतो. आपल्या धनगरांबरोबर हिंडणारा कुत्रा मुख्यतः लांडग्यापासून राखण करणारा. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा बॉर्डर कोली वळवणारा. हा फरक रेमंड व लॉर्ना कॉपिंजर यांच्या ‘डॉग्ज’ (२००१) या इंग्रजी पुस्तकात फार स्वच्छपणे मांडलेला आहे.

परदेशात कोलीचा संकर असलेला कुत्रा दत्तक घेणाऱ्याला ‘आधी त्या जातीविषयी वाचा’ असा सल्ला हमखास मिळतो. हाती येतात ती बहुधा गुणवर्णने: बुद्धिमान, निष्ठावान, उत्साही. (वधूवर-सूचक जाहिरातीच जणू!) कॉपिंजर दांपत्य विशेषणे बाजूला ठेवून क्रिया पाहते. शिकार ही एक साखळी आहे: सावज हेरणे, नजर रोखणे, दबकत जाणे, पाठलाग, पकडणारा चावा, ठार करणारा चावा, फाडणे. बॉर्डर कोलीत माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून नजर, दबकणे व पाठलाग या कड्या ठळक केल्या आणि पुढचे चावे दाबून टाकले. गुरांच्या खुरांमागे लागणाऱ्या जातींत पकडणारा चावाही राखला. राखणदार कुत्र्यांत जवळजवळ सारी साखळीच मंद असते आणि पिल्लूपणीच त्यांना मेंढ्यांत वाढवतात. कोली सायकलीमागे का धावतो, पळणाऱ्या पोरांपुढे दबा धरून का बसतो, हे यावरून कळते. तो रागावलेला नसतो, आपले काम शोधत असतो. पुस्तकाचा हा भाग शिक्षकांनी अवश्य वाचावा.

गावाच्या उकिरड्यांवर लांडग्यांचे कुत्रे झाले, हा त्यांचा सिद्धान्त मात्र तितका पटत नाही. जर्मनीत बॉन-ओबरकासेल येथे माणसांबरोबर पुरलेला कुत्रा सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा शेती करणारी गावे कोठे होती? असो.

खरी अडचण संकराची. साखळीची प्रत्येक कडी अनेक जनुकांवर आणि संगोपनावर अवलंबून असते. संकरात ही जनुके नव्याने वाटली जातात. एकाच वेतातल्या एका पिल्लाला रोखलेली नजर मिळेल, दुसऱ्याला नाही. २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरे व दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे डीएनए तपासले गेले. कुत्र्याकुत्र्यांतील वागणुकीच्या फरकापैकी जातीने उलगडणारा भाग सुमारे ९ टक्के निघाला. आज्ञाधारकपणासारख्या थोड्या गुणांत जातीचा प्रभाव जास्त होता. शिवाय रंगरूपावरून लावलेला ‘कोली-संकर’ हा अंदाजच डीएनएशी बऱ्याचदा जुळत नाही. तेव्हा पुस्तकातली साखळी हे निरीक्षणाचे साधन म्हणून वापरावे; समोरच्या कुत्र्याचे भविष्य तीवरून सांगू नये.

मग जातीची माहिती निरुपयोगी का? मुळीच नाही, फक्त तिचा पक्का उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे. पुस्तक निघाले त्याच वर्षी कोलींतील एक जनुकदोष उजेडात आला: एमडीआर-१ जनुकातील चार अक्षरे गळालेली. त्यामुळे औषधे मेंदूबाहेर ढकलणारा प्रथिनाचा पंप बनतच नाही, आणि खरजेसाठी देतात त्या मात्रेतले आयव्हरमेक्टिन प्राणघातक ठरू शकते. लांब केसांच्या कोलीत व ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये हा दोष सर्रास आढळतो, बॉर्डर कोलीत क्वचित. नावातल्या ‘कोली’वर जाऊ नये. येथे एकच जनुक आहे, मेंडेलच्या वाटाण्यासारखे, आणि संकरातही ते जसेच्या तसे उतरते. दोन्ही प्रती सदोष असल्या तर धोका मोठा, एक असली तरी सावधगिरी हवी. गालाच्या आतून बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यावर ही तपासणी होते. ती होईपर्यंत कोलीचा नुसता संशय असला, तरी औषध लिहिण्यापूर्वी तो पशुवैद्याच्या कानावर घालावा.