मुलगी, घोडा आणि बक्षीस

घोड्याचा आणि माझा संबंध एकदाच आला, लग्नाच्या वरातीत. बँडवाल्यांनी सूर लावताच त्या जनावरानं जी चपळाई दाखवली, ती पाहता तो पुन्हा येऊ नये याची मी आजवर काळजी घेत आलो आहे. घोड्यांचे सिनेमे मात्र मला आवडतात. पडद्यावरचा घोडा अंगावर येत नाही.

परवा नातीला घेऊन ‘नॅशनल व्हेल्व्हेट’ पाहिला. १९४४ चा सिनेमा, एनिड बॅग्नोल्डच्या कादंबरीवरचा. खाटकाची मुलगी व्हेल्व्हेट, म्हणजे कोवळी एलिझाबेथ टेलर. तिला सोडतीत घोडा लागतो. केस कापून, पुरुष जॉकीच्या वेषात ती इंग्लंडची ग्रँड नॅशनल मारते आणि शुद्ध हरपून खाली पडते. ठरल्या जागी पोचण्याआधीच घोड्यावरून उतरली, म्हणून बाद! मी नियम समजावून सांगितला, तर नातीनं माझ्याकडे असं पाहिलं, की तो मीच केला असावा.

पोरीचं चुकलं नाही. शर्यतीची चित्रं झकास आहेत. पण मला पटली ती व्हेल्व्हेटची आई. तरुणपणी इंग्लिश खाडी पोहून गेलेली ही बाई बक्षिसाची सोन्याची नाणी वर्षानुवर्षं जपते आणि प्रवेश फीसाठी मुलीच्या हवाली करते. अ‍ॅन रिव्हिअरला या कामाचं ऑस्कर मिळालं, ते उगीच नव्हे. अशी आई निर्माण करणाऱ्यांनी मुलीला मात्र परक्या वेषात जिंकवलं, आणि तेही पचू दिलं नाही. सगळंच आक्रीत! घोडा सोडतीत, विजय चोरून. कुणाला हेवा वाटायला नको.

नातीचं समाधान करायला मला समुद्र ओलांडून आयर्लंडला जावं लागलं. स्टीपलचेस हा प्रकार मुळात तिथलाच. १७५२ साली काउंटी कॉर्कमध्ये दोघांनी एका चर्चच्या शिखरापासून दुसऱ्याच्या शिखरापर्यंत, वाटेतली कुंपणं-ओढे उडवत घोडे दामटले, असं सांगतात. फेअरीहाउसची आयरिश ग्रँड नॅशनल १८७० पासूनची, ईस्टरच्या सोमवारची. ती जिंकणारी पहिली बाई अ‍ॅन फेरिस. साल १९८४, घोडा बेंटम बॉय. ना केस कापले, ना नाव चोरलं. घोडा तयार केलेला तिच्याच वडिलांनी, विली रूनींनी. एवढ्यावर भागलं नाही; त्याच शर्यतीत तिची बहीण रोझमेरी तिसरी! एखाद्या पटकथाकारानं हे लिहिलं असतं तर निर्मात्यानं ‘अति होतंय’ म्हणून बहीण कापली असती. पुढं २०११ साली नीना कारबेरी आणि २०१५ साली केटी वॉल्श यांनीही ही शर्यत मारली. व्हेल्व्हेटची इंग्लंडमधली ग्रँड नॅशनल बाईच्या नावावर लागायला मात्र २०२१ उजाडलं. ती रेचेल ब्लॅकमोरही आयर्लंडचीच.

नात विचारात पडली. “आजोबा, मग त्यांचे बाबा कुठल्या मुलीच्या नावानं ओरडत होते?”

मी अडकलो. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “घोड्याच्या!”