शाळेत पळत जाणारी मुलं आणि तुलनेचा गट

केनियाचे धावपटू इतके वेगवान का? याचं एक उत्तर आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं: लहानपणी ते शाळेत पळत जायचे. म्हणजे रोजच्या हालचालीतूनच धावण्याची क्षमता घडते. पटण्यासारखं आहे. पण यामागचा पुरावा तपासला की संशोधन आराखड्याबद्दल बरंच शिकायला मिळतं.

ओनिवेरा आणि सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 404 अव्वल केनियन धावपटू आणि 87 इतर केनियन लोकांकडून प्रश्नावली भरून घेतली. शाळा किती लांब होती, कसे जायचात, असे प्रश्न. पळत जाणाऱ्यांचं प्रमाण धावपटूंमध्ये बरंच जास्त निघालं. इतके अव्वल खेळाडू एका अभ्यासात आणणं सोपं नाही, त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

अडचण आहे तुलनेत. धावपटूंमध्ये रिफ्ट व्हॅलीतले, कालेंजिन समाजातले लोक जास्त होते. तुलनेच्या गटात तसं नव्हतं. म्हणजे शाळेच्या वाटेबरोबर उंचावरचा प्रदेश, समाज, आसपासची धावण्याची परंपरा हे सगळंच बदललं. मग फरक नेमका कशामुळे? लेखकांनी हा प्रादेशिक फरक लपवलेला नाही, उलट ठळकपणे मांडलाय. तो गाळून टाकतो आपण वाचक. शिवाय उत्तरं आठवणीतली आहेत. नावाजलेल्या धावपटूला शाळेची वाट जशी आठवते, तशी ती इतरांना आठवेलच असं नाही.

लार्सन आणि सहकाऱ्यांचा 2005 चा अभ्यास इथे जास्त उपयोगी पडतो. त्यांनी नंदी या एकाच गटातली शहरी आणि खेड्यातली मुलं घेतली आणि त्यांना 12 आठवडे धावण्याचं प्रशिक्षण दिलं. खेड्यातली मुलं सरस ठरली, कारण बहुधा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, जास्त होती. पण प्रशिक्षणाला मिळणाऱ्या प्रतिसादात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे रोजच्या हालचालीने सुरुवातीची पातळी वाढत असावी. सरावातून सुधारण्याची क्षमता वाढते, असं मात्र दिसत नाही. अर्थात मुलं मोजकीच होती, आणि लहान नमुन्यात ‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं होत नाही.

हाच तर्क आपल्याकडेही चालतो. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊत यांच्याबद्दल लिहिताना पाण्यासाठीची पायपीट हमखास येते. पण तीच पायपीट करणाऱ्या आणि कधीच मैदानापर्यंत न पोचलेल्या मुली किती? त्यांना मोजल्याशिवाय पायपिटीचा वाटा कळणार नाही. आणि न मोजताच ‘कष्टांनी खेळाडू घडतात’ म्हटलं, की प्रशिक्षक, आहार, मैदान हे सगळं मागे पडतं.

म्हणून प्रस्ताव लिहिताना यशस्वी लोकांची यादी करून थांबू नका. त्याच वाटेने गेलेले पण तिथवर न पोचलेले लोक तुमच्या नमुन्यात आहेत का, ते आधी बघा.