पर्णार्क आणि बीजांकुरण : एका प्रयोगपद्धतीची चिकित्सा

एका वनस्पतीने बाहेर टाकलेली रासायनिक द्रव्ये दुसरीच्या वाढीवर परिणाम करतात. या घटनेस हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने 1937 मध्ये ‘ॲलेलोपॅथी’ हे नाव दिले. त्यानंतर या विषयावर विपुल संशोधन झाले. परंतु त्यातील बराच भाग एकाच साच्याचा आहे. निलगिरी, सुबाभूळ, घाणेरी अथवा गाजरगवत यांच्या पानांचा पाण्यात अर्क काढावयाचा, तो निरनिराळ्या तीव्रतेने पेट्री बशीतील गाळणकागदावर घालावयाचा आणि त्यावर टोमॅटो, मुळा वा मिरची यांचे बी ठेवून अंकुरणाची टक्केवारी व मुळांची लांबी मोजावयाची. तीव्रता वाढता अंकुरण घटते, आणि त्यावरून ती वनस्पती शेजारच्या पिकास घातक ठरविली जाते. पद्धत सुलभ व अल्पखर्ची आहे, नवख्या अभ्यासकाच्या हातास वळण लावणारी आहे, हे मान्यच करावयास हवे. प्रश्न आहे तो तिच्यावर लादल्या जाणाऱ्या निष्कर्षाचा.

पहिली उणीव तुलनेची आहे. पुष्कळदा तुलनेसाठी केवळ ऊर्ध्वपातित पाणी वापरले जाते. दाट अर्कात विषारी द्रव्यांबरोबर शर्करा आणि क्षारही असतात. त्यांमुळे परासरण दाब वाढतो व बियांस पाणी शोषणे कठीण जाते. साध्या साखरेच्या दाट द्रावणातही अंकुरण मंदावेल. शिवाय शर्करेवर बुरशी व जिवाणू पोसतात आणि बियांना अपाय करतात. म्हणून अर्काइतक्याच परासरण दाबाचे पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे द्रावण आणि अर्काइतक्याच सामूचे पाणी, अशा दोन जोडतुलना आवश्यक ठरतात.

दुसरी उणीव मोजणीची. ठरलेल्या दिवशी न अंकुरलेले बी मेले आहे, असे नव्हे. ते केवळ रेंगाळलेले असू शकते. अशी बीजे शुद्ध पाण्यात ठेवून पुन्हा पाहिल्यास विलंब आणि विनाश यांतील भेद कळतो. तसेच एका बशीतील 25 बीजे म्हणजे 25 स्वतंत्र प्रयोग नव्हेत. प्रयोगाचा एकक बशी हा आहे, हे संख्याशास्त्रीय विश्लेषण करताना विसरले जाते.

सर्वांत गंभीर उणीव प्रमाणाची आहे. 10 टक्के अर्क म्हणजे एक लिटर पाण्यास 100 ग्रॅम वाळलेली पाने. एक चौरस मीटर जमिनीच्या वरच्या 5 सेंटिमीटर थरात, आकारमानाच्या 20 टक्के ओल धरल्यास, 10 लिटर पाणी असते. त्यात तीच तीव्रता येण्यास 1 किलो, म्हणजे हेक्टरी 10 टन, वाळलेल्या पानांतील सारा विद्राव्य अंश एकाच वेळी उतरावयास हवा. प्रत्यक्षात पानगळ काही आठवडे वा महिने चालते. मातीचे कण ही द्रव्ये धरून ठेवतात आणि सूक्ष्मजीव त्यांचे विघटन करतात. गाळणकागदावर यांपैकी काहीच घडत नाही.

या संदर्भात कॅलिफोर्नियातील उदाहरण उद्बोधक आहे. तेथे साल्व्हिया ल्यूकोफिला या सुगंधी झुडपांभोवती गवतहीन पट्टा आढळतो. कॉर्नेलियस मुलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 मध्ये झुडपांतून निघणाऱ्या बाष्पशील टर्पीनांना त्याचे कारण मानले. ही द्रव्ये प्रयोगशाळेत रोपांची वाढ रोखीत, हे खरेच होते. परंतु 1970 मध्ये बार्थोलोम्यू यांनी त्या पट्ट्यात जाळीचे पिंजरे बसवून चरणाऱ्या लहान प्राण्यांना दूर ठेवले, तेव्हा पिंजऱ्यांच्या आत गवत वाढले. प्रयोगशाळेतील निरीक्षण चुकीचे नव्हते. त्याच्याकडून जे सिद्ध करवून घेतले गेले, ते त्याच्या आवाक्याबाहेरचे होते.

हा वाद केवळ पांडित्याचा नाही. बांधावरील झाडाखाली वांगी खुरटतात, याचे कारण सावली असेल, मुळांनी ओढलेले पाणी असेल किंवा पानांतील द्रव्येही असतील. केवळ बशीतील आकड्यांवरून झाड तोडण्याचा सल्ला शेतकऱ्यास दिल्यास नुकसान त्याचे होते. म्हणून पर्णार्काचा प्रयोग ही संशोधनाची पहिली पायरी समजावी. त्यापुढे शेतातील मातीच्या कुंड्या, नैसर्गिक प्रमाणातील पालापाचोळा आणि अखेर प्रत्यक्ष वाफा, या क्रमाने जाणारा प्रबंध आकाराने लहान असला तरी अधिक मोलाचा ठरेल.