डोलकराचा आवाज बंगालचा का?

मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावी सप्ताह बसला की पेटीवाला काळी चार धरतो. मृदंग त्याच पट्टीला चढवलेला असतो आणि टाळकऱ्यांचे गळेही लहानपणापासून तिथेच तयार झालेले असतात. चौदाव्या वर्षी माझा आवाज फुटला आणि खाली गेला तो खालीच राहिला. त्या वर्षीच्या सप्ताहात अभंगाचे चरण वर चढले आणि माझा तार षड्ज काही केल्या लागेना. बुवांनी प्रेमानेच सांगितले, "बाळा, तू टाळ घे. तुझा आवाज भजनाचा नाही." मी टाळ घेतले. आज चाळीस वर्षे झाली, मी मागच्या रांगेत टाळच वाजवतो आहे.

त्याच दिवसांत घरातल्या ट्रान्झिस्टरवर 'मी डोलकर' लागले की आई हातातले काम थांबवायची. "किती गोड गळा आहे गं बाई या माणसाचा," असे शेजारणीला म्हणायची. तो गळाही खालचाच होता. देवळात न चालणारा आवाज रेडिओवर गोड कसा ठरतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला. पुढे जमेल तशी पुस्तके वाचत आणि रेकॉर्डी जमवत त्याचा माग काढला. मी संगीतशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

'मी डोलकर'चे शब्द शान्ता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. बाईचा आवाज लताबाईंचा आणि डोलकराचा आवाज हेमंतकुमारांचा. पुढे 1976 साली 'हा खेळ सावल्यांचा' या चित्रपटात सुधीर मोघे यांच्या 'गोमू संगतीनं' या गाण्यासाठी हृदयनाथांनी पुन्हा हेमंतकुमारांनाच घेतले, या वेळी आशाबाईंबरोबर. हेमंतकुमार जन्मले बनारसला, वाढले बंगालीत, घडले रवींद्रसंगीतात. मराठी कोळ्याला गळा मिळाला तो बंगालचा. त्या काळी मराठीत गोड पुरुषी आवाजांची वाण नव्हती. गजाननराव वाटवे, सुधीर फडके, अरुण दाते ही नावे घराघरांत होती. पण यांतला कुणीही खर्जात वस्ती करणारा नव्हे. तसा आवाज आपल्याकडे लोकप्रिय का झाला नाही?

आधी थोडा हिशेब मांडतो. काळी चारचा मध्य षड्ज सुमारे 208 हर्ट्झचा, म्हणजे तार षड्ज 415चा. पाश्चात्य वर्गवारीत पुरुषाच्या सर्वांत खालच्या, 'बास' आवाजाची मर्यादा साधारण 82 ते 330 हर्ट्झ मानतात. (त्या मापाने हेमंतकुमार 'बॅरिटोन' ठरतील, म्हणजे बासच्या एक पायरी वर.) काळी चारला बास आवाजाचा माणूस तार षड्जापर्यंत पोचूच शकत नाही. तोच माणूस काळी एकला गायला तर तार षड्ज 277वर येतो आणि सहज लागतो. तेव्हा बुवांनी जे ऐकले ते खरेच होते. पण तो दोष गळ्याचा नव्हता, पट्टीचा होता.

मग पट्टी एवढी वर का? कारण आपले लोकांपुढचे गाणे उघड्यावर किंवा मोठ्या जमावापुढे वाढले. कीर्तन, पोवाडा, तमाशा आणि 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने रुजवलेले संगीत नाटक, या सगळ्यांना ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या माणसापर्यंत पोचायचे होते. माणसाचा कान दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत तल्लख असतो. खालच्या स्वरांना तो मंद असतो. उंच, ताणलेल्या आवाजाची ताकद त्या तल्लख पट्ट्यात अधिक उतरते, म्हणून तो ढोलकी-तुणतुण्यावरूनही ऐकू जातो. खर्जातला आवाज मात्र पाचव्या रांगेपर्यंत जाता जाता गर्दीत विरतो.

याचा पुरावा आपल्या भाषेतच आहे. शाहीर अमर शेखांच्या आवाजाला आपण 'पहाडी' म्हणतो. या डोंगरावरून त्या डोंगरावर जावा असा, हे त्या शब्दातले कौतुक. खालच्या आवाजासाठी आपल्याकडे शब्द आहेत ते जाड, घोगरा, भसाडा. 'भारदस्त' हे कौतुक खरे, पण ते आपण वक्त्याचे किंवा नटाचे करतो, गायकाचे क्वचितच. बैठकीतल्या जाणकारांचा 'ढाला' हा शब्द तेवढा अपवाद, पण तो बैठकीबाहेर फारसा आला नाही.

1925च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आले आणि हा नाइलाज संपला. त्याआधी कर्ण्यात तोंड घालून गावे लागे, आणि तो कर्णा खालचे स्वर जवळजवळ गाळूनच टाकी. मायक्रोफोनमुळे ओरडण्याची गरज उरली नाही. शिवाय एक अनपेक्षित देणगी मिळाली. एका दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या अगदी जवळ जाऊन गायले की खालचे स्वर फुगून येतात. खर्जाला पहिल्यांदा सर्वांपर्यंत पोचता आले, तेही कानाशी बोलल्यासारखे.

माझ्या मते खालच्या आवाजाचे आकर्षण इथे आहे. आपण ते खोलीचे समजतो, पण ते जवळिकीचे आहे. उघड्यावर असा आवाज ऐकू येतो तो फक्त शेजारी बसलेल्या माणसाचा. थोपटून झोपवणारा बाप किंवा रात्री अंगणात हलक्या आवाजात बोलणारे आजोबा, यांचा आवाज आपण असाच ऐकलेला असतो. मायक्रोफोनने परका माणूस तेवढ्या जवळ आणून बसवला. आमच्या ट्रान्झिस्टरचा कर्णा वाटीएवढा, त्यातून शंभर हर्ट्झचा स्वर धड निघतच नव्हता. पण वरचे उपस्वर ऐकून मेंदू तळाचा स्वर स्वतः भरून काढतो, हे सिद्ध झालेले आहे. आई ज्या खर्जावर भाळली होती, त्यातला काही भाग तिच्याच कानाने घडवलेला होता.

बंगालने या संधीचे सोने केले. न्यू थिएटर्समध्ये सैगल आणि पंकज मलिक यांनी 1930च्या दशकातच हलक्या, खालच्या स्वरात गाणे लोकांच्या गळी उतरवले. रवींद्रसंगीत घरच्या बैठकीत आणि ब्राह्मो समाजाच्या उपासनेत वाढलेले. त्याला डोंगरापलीकडे जायची घाई नव्हती. आपल्याकडेही त्याच दशकात गो. ना. जोशींच्या ध्वनिमुद्रिकांनी भावगीत आले आणि त्याने मराठी गाणे मऊ केले. पण मऊ झालेला आवाज खाली उतरला नाही. मायक्रोफोन आला तरी आपल्या कानाची पट्टी देवळातली आणि नाट्यगृहातलीच राहिली.

इथे कुणी विचारील, मग भीमसेन जोशींचे काय? त्यांच्या आवाजात वजन होते हे कोण नाकारील? राम फाटकांच्या चालीतले 'तीर्थ विठ्ठल' ऐका. पण आपण वाट पाहतो ती ते वजन वर चढण्याची, आणि भीमसेन तारसप्तकात पोचले की अंगावर काटा येतो. तो थाट पहाडी परंपरेचाच आहे. हेमंतकुमारांच्या गाण्यात अशी चढाई नसते. ते खाली बसूनच सांगतात आणि ऐकणाराही खाली बसतो.

याहून मला टोचते ती गोष्ट वेगळी आहे. हिंदी चित्रपटाने हेमंतकुमारांचा आवाज देव आनंदला दिला. 'सोलवा साल' (1958) आणि 'बात एक रात की' (1962) मध्ये तो शहरी प्रियकराचा आवाज आहे. मराठीने तोच आवाज दोन्ही वेळा कोळीगीताच्या ढंगात, दर्यावर नेऊन बसवला. खालचा आवाज आणि पाणी ही जोडी तशी जगभर दिसते. पॉल रोबसनने 'शो बोट' (1936) चित्रपटात मिसिसिपीचे गाणे गायले. न्यूयॉर्कला शिकायला गेलेले भूपेन हजारिका त्याला भेटले आणि ती नदी आपल्या गाण्यात घेऊन आले. पण त्या दोघांच्या गाण्यात नदीला माणसाच्या हालअपेष्टांचा जाब विचारलेला आहे. आपण खर्ज दर्याला दिला, आणि बोलण्यातला भारदस्तपणा चित्रपटातल्या पाटलाला व सावकाराला. घरातल्या साध्या प्रेमासाठी, पोरासाठी, देवाशी भांडण्यासाठी मात्र तो वापरला नाही. दोन्ही गाणी मला प्राणप्रिय आहेत, म्हणूनच ही उणीव बोचते.

आज खालच्या स्वरांचा दुष्काळ आहे असेही नाही. गणपतीच्या मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर छातीत धडकी भरवतात. पण तो ठोका यंत्राचा. त्यात कुणी कानाशी येऊन बोलत नाही.

गेल्या सप्ताहात नववीतला एक मुलगा माझ्या शेजारी मागच्या रांगेत येऊन उभा राहिला. आवाज नुकताच फुटलेला, हातात टाळ दिलेले. का आलास म्हणून विचारावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी काकडा झाल्यावर मंडळी चहाला गेली तेव्हा मी पेटीवाल्याला विनंती केली. त्याने कुरकुरत काळी एक धरली. मृदंग तिथपर्यंत उतरेना, म्हणून नुसती पेटी आणि माझे टाळ. मुलाने तुकोबांचा एक अभंग धरला. पहिला चरण चाचपडला, दुसरा स्थिरावला. तार षड्जावर तो क्षणभर थांबला, तेव्हा चहाचे कप घेऊन परतलेले दोघे-तिघे दारातच उभे राहिले. त्यांतले एक म्हातारबुवा आत येऊन पेटीला टेकून बसले आणि म्हणाले, "अजून एक होऊ दे."

संध्याकाळी हरिपाठाला पट्टी पुन्हा काळी चारच होती. मुलगा मागे माझ्या शेजारी उभा होता. उद्याच्या काकड्यानंतर पेटीवाले काका थांबतील का, एवढेच त्याने मला विचारले.