गाणं तेच, बोलतंय कोण?

आज एका साध्या शब्दापासून सुरुवात करू. कव्हर. दुसऱ्यानं लोकप्रिय केलेलं गाणं आपण पुन्हा रेकॉर्ड करायचं, त्याला कव्हर म्हणतात. शब्द निरुपद्रवी वाटतो. पण १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत कृष्णवर्णीय गायकाचं गाणं चालायला लागलं, की एखादा गोरा गायक तेच जरा इस्त्री करून गायचा आणि गोऱ्यांच्या रेडिओवर ते वाजायचं. १९५५ साली फॅट्स डॉमिनोचं ‘एन्ट दॅट अ शेम’ पॅट बून यांनी गायलं, आणि पॉपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले ते बून.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत उलटा ओघही जोरात सुरू झाला. गॉस्पेल म्हणजे चर्चमधलं गाणं. तो गळा घेऊन प्रेमाची, संसाराची गाणी गाणारे सोल कलाकार आता रॉक, कंट्री, पॉप, सगळीकडची हिट गाणी उचलायला लागले. याला ‘परतफेड’ म्हणायचा मोह होतो. मला तो हिशेब फार सोपा वाटतो. त्यात गाणं ऐकायचंच राहून जातं. मी आज एकच कसोटी लावणार आहे. मूळ गाण्यात कोण कोणाशी बोलत होतं, आणि नव्या गाण्यात कोण कोणाशी बोलतंय? गळ्याची तयारी, हरकती, हे सगळं त्यानंतर.

पहिलं उदाहरण तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. ‘रिस्पेक्ट’. ओटिस रेडिंग यांनी १९६५ साली स्वतः लिहून गायलेलं गाणं. त्यात एक कमावता पुरुष आहे. तो बाहेरून घरी येतो, पैसे आणतो, आणि म्हणतो की बाकी काही नको, घरी आल्यावर जरा मान दे. सोल संगीतात हे गाणं चांगलं चाललं होतं. १४ फेब्रुवारी १९६७ला अरेथा फ्रँकलिन यांनी ते न्यूयॉर्कमध्ये रेकॉर्ड केलं. शब्द बरेचसे तेच आहेत. पण आता पैसे देणारी तीच आहे आणि मान मागणारीही तीच आहे. त्या शब्दाची सात अक्षरं एकेक सुटी करून ती म्हणते; रेडिंग यांच्या गाण्यात हे नव्हतंच. एखाद्या मठ्ठ पोराला शिकवावं तसं ती नवऱ्याला स्पेलिंग शिकवते! आणि मागून तिच्या सख्ख्या बहिणी, कॅरोलिन आणि अर्मा, साथ देतात. रेडिंग यांचा माणूस एकटा बोलत होता. इथे ही बाई घरातल्या सगळ्या बायकांना पाठीशी घेऊन उभी आहे. जून १९६७मध्ये हे गाणं पॉपच्या यादीत पहिलं आलं. त्याच महिन्यात मॉन्टेरेच्या महोत्सवात रेडिंग हसत हसत म्हणाले, की हे गाणं एका मुलीनं माझ्याकडून नेलं. आणि बघा, इथे परतफेडीचा प्रश्नच येत नाही. घेणारी आणि देणारा, दोघंही सोलचेच.

आता याच रेडिंग यांच्या १९६५च्या ‘ओटिस ब्लू’ या अल्बमवर रोलिंग स्टोन्सचं ‘सॅटिस्फॅक्शन’ आहे. गिटारची ती प्रसिद्ध सुरावट इथे ट्रम्पेट-सॅक्सोफोनवर येते. गंमत म्हणजे कीथ रिचर्ड्स यांच्या मनात मुळात तिथे अशीच फुंकवाद्यं होती. ऐकायला बहार येते, पाय थांबत नाहीत. पण कसोटी लावली तर? बोलणारा तोच, वैतागलेला तरुण. पोशाख बदलला, माणूस बदलला नाही. उत्तम वादन आणि नवं वाचन या दोन गोष्टी आपण वेगळ्या ठेवायला हव्यात.

तिसरं उदाहरण अवघड आहे. जिमी वेब यांनी लिहिलेलं ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’. १९६७मध्ये ग्लेन कॅम्पबेल यांनी ते गाजवलं. तीन मिनिटांच्या आतलं गाणं. एक माणूस बायको म्हणा, प्रेयसी म्हणा, तिला सोडून निघालाय. एकेक गाव मागे टाकतोय आणि त्या वेळी ती काय करत असेल, याचा अंदाज बांधतोय. का निघालाय, ते नीटसं सांगत नाही. त्या न सांगण्यातच गाण्याचा जीव आहे.

१९६९मध्ये आयझॅक हेज यांनी ‘हॉट बटर्ड सोल’ या अल्बममध्ये हेच गाणं केलं. लांबी सुमारे पावणेएकोणीस मिनिटं! ऑर्गनचा एक सूर धरून ठेवलाय, झांजेवर बारीक ठेका, आणि हेज नुसते बोलतायत. कितीतरी वेळ गाणं सुरूच होत नाही. कीर्तनकार पूर्वरंग लावतो ना, तसं. या माणसाची हकिगत ते सांगतात: बायकोनं फसवलं, तो सोडून गेला, परत आला, असं पुन्हा पुन्हा झालं, आणि आता शेवटचा निघालाय. एवढं ऐकून मूळ गाणं सुरू होतं, तेव्हा तेच शब्द दसपट जड झालेले असतात.

या रेकॉर्डिंगचा मी भक्त आहे. तरी एक गोष्ट बोलायलाच हवी. मूळ गाण्यात दोष कोणाचा हे उघडं होतं. हेज यांनी तो तिच्या पदरात टाकला. बोलणारा मोठा झाला, आणि ती मात्र आणखी गप्प झाली. फ्रँकलिन यांनी घरातल्या बाईला तोंड दिलं. हेज यांनी काढून घेतलं. सोलच्या गळ्यात गेलं की गाणं आपोआप न्यायी होतं, असं काही नाही.

शेवटचं उदाहरण, ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’. १९७०, सायमन आणि गार्फंकल. एक माणूस एका खचलेल्या माणसाला धीर देतो. पॉल सायमन यांना त्याचं बीज एका गॉस्पेल रेकॉर्डमध्ये सापडलं होतं: स्वान सिल्व्हरटोन्सचे क्लॉड जीटर यांनी ‘मेरी डोन्ट यू वीप’ गाताना म्हटलेल्या एका ओळीत. सायमन यांनी ते कधी लपवलं नाही. १९७१मध्ये फ्रँकलिन यांनी ‘ब्रिज’ गायलं, तेव्हा मागे टाळकऱ्यांसारखा घोळका आला. एकाचा धीर सगळ्या मंडळीचा झाला. पुढच्याच वर्षी, लॉस एंजेलिसच्या चर्चमध्ये रेकॉर्ड झालेल्या त्यांच्या ‘अमेझिंग ग्रेस’ अल्बमवर ‘मेरी डोन्ट यू वीप’ही आलं. मग यात मूळ कुठलं आणि कव्हर कुठलं?

कायद्याला हा प्रश्न पडत नाही. अमेरिकेत एकदा गाण्याची रेकॉर्ड निघाली की ठरलेलं शुल्क भरून कोणीही ते रेकॉर्ड करू शकतो. शुल्क जातं गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. आणि तिथल्या साध्या रेडिओवर गाणं वाजलं, तर मोबदला लिहिणाऱ्याच्या बाजूला. गाणाऱ्याला काही नाही. म्हणजे फ्रँकलिन यांचं ‘रिस्पेक्ट’ रेडिओवर जितक्यांदा वाजलं, तितक्यांदा पैसे रेडिंग यांच्या बाजूला गेले. यात रेडिंग यांचा दोष नाही, गाणं त्यांनी लिहिलंच होतं. पण ती सुटी अक्षरं, त्या बहिणी, ते उलटलेलं नातं, ज्यामुळे आज आपण हे गाणं ओळखतो, त्याला रेडिओच्या हिशेबाच्या वहीत रकानाच नाही.

कायद्यानं तो रकाना आखला नाही, तर निदान ऐकणाऱ्यानं आणि समीक्षकानं आखावा, एवढंच माझं म्हणणं आहे. घरी गेल्यावर दोन्ही ‘रिस्पेक्ट’ ओळीनं ऐका. आधी रेडिंग, मग फ्रँकलिन. कोणाचं चांगलं, हे लगेच ठरवू नका. दाराच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण, एवढंच बघा.

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.