सात गोळ्या आणि एक बेफिकीर खिसा

गेल्या मे महिन्यात लोहाऱ्यातल्या एका लग्नात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ जेवायला बसले. वाढप्याकडून मठ्ठा घ्यायला ते वाकले, शर्ट वर सरकला आणि कमरेचं पिस्तूल दिसलं. ज्याला दिसलं त्यानं शेजाऱ्याला कोपरानं खुणावलं. दोन मिनिटांत सगळ्या टेबलाला कळलं. गृहस्थांनाही ते कळलं होतं. त्यांनी शर्ट खाली ओढला, पण पुरता नाही.

समोरचं आठ-नऊ वर्षांचं पोरगं उठून जवळ आलं. "काका, खरी हाय का हो?"

"धरून पाय," काका म्हणाले. त्यांनी मॅगझिन काढून खिशात टाकलं आणि पिस्तूल पोराच्या हातात दिलं. पोरानं आधी एक डोळा मिटून नळीत पाहिलं, मग ते माझ्यावर रोखलं. सगळे हसले. मीही हसलो.

मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नसतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. एक गोळी आत, चेंबरमध्ये राहिलेली असू शकते. काकांनी ते तपासलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात, पारा ४४ च्या वर असताना आणि दुपारी लाईट गेलेली असताना, मी फोनवर अकिरा कुरोसावाचा 'स्ट्रे डॉग' पाहिला. १९४९ चा जपानी सिनेमा, कृष्णधवल, दोन तासांचा. मोबाईलवर पाहण्यासारखा हा सिनेमा नाही असं कुणी म्हणेल. पण उकाड्यात घामेजल्या हातात फोन धरून तो पाहताना जे अंगावर येतं, ते एसी थिएटरात आलं नसतं.

सिनेमा सुरू होतो तो धापा टाकणाऱ्या कुत्र्याच्या चेहऱ्यावर. मग कळतं की मुराकामी नावाच्या एका कोवळ्या डिटेक्टिव्हचं कोल्ट पिस्तूल चोरीला गेलं आहे. मुराकामी म्हणजे तरुण तोशिरो मिफुने. रात्रपाळी झालेली, झोप नाही, नेमबाजीचा सराव करून तो खचाखच भरलेल्या बसमध्ये चढतो. पिस्तूल कोटाच्या खिशात. उतरतो तेव्हा खिसा रिकामा. पिस्तुलात सात गोळ्या.

बस, एवढंच. ना खलनायकाचं कारस्थान, ना मोठी चूक. थकलेल्या माणसाची एक क्षणाची बेफिकिरी. कुरोसावानं पुढचा सगळा सिनेमा या क्षणावर उभा केला आहे. त्याचा प्रश्न साधा आहे: हातातून गेलेल्या शस्त्राची जबाबदारी हातातून जाते का?

मुराकामी राजीनामा लिहितो. साहेब तो फाडून टाकतो आणि त्याला कामाला लावतो. मग तो फाटक्या सैनिकी कपड्यांत टोकियोच्या काळ्या बाजारात दिवसेंदिवस भटकतो, कुणीतरी पिस्तूल विकायला येईल या आशेवर. आठ-नऊ मिनिटांचा हा तुकडा जवळजवळ संवादाविना चालतो: पाय, गर्दी, ऊन, घाम, पुन्हा पाय. रील स्क्रोल करायची सवय असलेल्या आपल्या अंगठ्याला इथे खाज सुटते. पण थांबावं. पिस्तूल हरवायला एक क्षण लागला आणि शोधायला इतका वेळ लागतो, हे कुरोसावा आपल्याला सांगत नाही, आपल्याकडून भोगून घेतो.

तिथे कळतं की या शहरात पिस्तुलं भाड्यानं मिळतात. तारण म्हणून तांदळाचं रेशनकार्ड ठेवायचं. युद्ध हरलेल्या, उपाशी देशात माणसाकडे गहाण ठेवायला उरलेली किमती वस्तू म्हणजे रेशनकार्ड. पिस्तुलाचं अर्थशास्त्र एका वस्तूत सांगणारा इतका नेमका तपशील मी दुसऱ्या सिनेमात पाहिलेला नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो झाडाच्या बुंध्याचा प्रसंग. शहरात लुटमारीत एका बाईवर गोळी झाडली जाते. मुराकामीला आठवतं की सरावाच्या वेळी आपली एक गोळी निशाण्यावर न लागता बाजूच्या बुंध्यात घुसली होती. तो तिथे जातो, ती गोळी उकरून काढतो आणि स्वतःच प्रयोगशाळेत देतो. दोन्ही गोळ्या एकाच पिस्तुलातल्या निघतात. म्हणजे स्वतःविरुद्धचा पुरावा हा माणूस स्वतः खणून आणतो. कुणी मागितलेला नसताना.

इथे मी सिनेमा थांबवला. मला फेब्रुवारी २०२४ आठवला. ८ तारखेला मुंबईच्या दहिसर-बोरिवली भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर फेसबुक लाईव्ह सुरू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्या मॉरिस नोरोन्हानं नंतर स्वतःलाही संपवलं. ती क्लिप माझ्या फोनवर आली, तुमच्याही आली असेल. क्लिपमध्ये जे दिसत नाही ते दुसऱ्या दिवशीच्या बातमीत होतं: पोलिसांनी सांगितलं की पिस्तूल नोरोन्हाचं नव्हतंच, परवाना त्याच्या अंगरक्षकाच्या नावावर होता. अंगरक्षकाला शस्त्र कायद्याखाली अटक झाली. शस्त्र एकाचं, हात दुसऱ्याचा, जीव तिसऱ्याचा. मुराकामीचाच प्रश्न, पण बातमीत तो दोन ओळींत आटोपला. क्लिप मात्र आठवडाभर फिरली.

त्याच्या सहा दिवस आधी, २ फेब्रुवारीला, उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्ये, आमदार गणपत गायकवाड यांनी गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. सीसीटीव्हीचं ते चित्रणही सगळ्यांनी पाहिलं. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला पहाटे अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. हातातून रिव्हॉल्व्हर निसटलं आणि गोळी सुटली, असं त्याच्या माणसांनी सांगितलं. सुदैवानं तो वाचला. पडद्यावर हिरोच्या हातातून चुकून गोळी सुटत नसते. घरातल्या कपाटाला ते माहीत नसतं.

या तिन्ही घटनांमध्ये देशी कट्टा नाही. बोलणं निघालं की आपण पटकन कट्ट्याकडे बोट दाखवतो: बेकायदा शस्त्रं कुठंही मिळतात, मग परवानेवाल्याला कशाला धरता? हाच युक्तिवाद 'स्ट्रे डॉग'मध्येही आहे. मुराकामीचा ज्येष्ठ सहकारी सातो, म्हणजे ताकाशी शिमुरा, त्याला समजावतो की तुझं कोल्ट नसतं तर त्या चोरानं ब्राउनिंग वापरलं असतं. अनुभवी, प्रेमळ माणूस आहे सातो. घरी नेऊन बिअर पाजतो, झोपलेली मुलं दाखवतो. म्हणूनच त्याचं म्हणणं पटायला लागतं.

मुराकामीला ते पटत नाही. दुसऱ्या दरोड्यात एक बाई मरते. तिचा नवरा बागेत तिनं लावलेले टोमॅटो उपटत, तुडवत असतो. त्या माणसासमोर ब्राउनिंगचा युक्तिवाद उभा राहत नाही. गोळी शक्यतेच्या पिस्तुलातून सुटत नाही, एका ठरावीक पिस्तुलातून सुटते आणि त्याला एक ठरावीक मालक असतो.

इथे कुरोसावावरही एक आक्षेप घ्यायला हवा. मेलेली बाई आपल्याला कधीच भेटत नाही. तिचं दुःखही नवऱ्याच्या हातांतून दिसतं आणि मग मुराकामीच्या चेहऱ्यावर जाऊन स्थिरावतं. अपराधी भावनेचा सिनेमा करताना अपराधी माणूसच मोठा होतो आणि ज्याचं गेलं तो कोपऱ्यात जातो. चोर युसाच्या बाबतीत मात्र कुरोसावा ही चूक करत नाही. युसा आणि मुराकामी दोघंही युद्धावरून परतलेले, दोघांचीही पडशी परतताना आगगाडीत चोरीला गेलेली. एक पोलीस झाला, एक चोर. शेवटी दोघं चिखलात झोंबतात, बेड्या पडतात आणि रानफुलांत धापा टाकत शेजारी शेजारी पडतात, तेव्हा कोण कोण ते ओळखू येत नाही. जवळून शाळकरी मुलं गात जातात आणि युसा हंबरडा फोडतो. पिस्तूल परत मिळालं आहे. कुणालाच आनंद झालेला नाही.

आता आपल्या सिनेमांकडे पाहा. राम गोपाल वर्माच्या 'सत्या'त (१९९८) थिएटरमधला प्रसंग आहे: पोलिसांनी दारं अडवलेली, सत्या गोळी झाडतो, चेंगराचेंगरी होते, माणसं मरतात. भारतीय सिनेमात एका गोळीची किंमत इतकी उघड क्वचितच मांडली गेली आहे. पण आठवून पाहा, आपला जीव कशात अडकला होता? सत्या आणि विद्या सुटले का, यात. प्रवीण तरडेंच्या 'मुळशी पॅटर्न'नं (२०१८) जमिनी विकून बसलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांची खरी जखम दाखवली. तो धडा म्हणून केलेला सिनेमा होता. पण त्यातलं आपण कापून स्टेटसला काय ठेवलं? बापाचं रडणं नाही. चाल, नजर आणि हत्यार.

सिनेमानं माणूस बिघडतो, असं मी म्हणत नाही. मला एवढंच दिसतं की आपल्याकडे लपवलेलं पिस्तूल ही दाखवायची वस्तू झाली आहे. बीडमध्ये डिसेंबर २०२४ मध्ये सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यावर जिल्ह्यातल्या बाराशेहून जास्त शस्त्र परवान्यांची चर्चा सुरू झाली. प्रशासनाला जाग आली त्याचं एक कारण पिस्तूल नाचवणाऱ्यांचे व्हिडिओ हेही होतं. संरक्षणासाठी घेतलेली वस्तू मिरवली जात होती.

गंमत म्हणजे कायद्याची भाषा इथे सिनेमापेक्षा नेमकी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच साधनात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावं लागतं. ते नाचवायला मनाई आहे. परवाना मिळण्यासाठी हाताळणीचं प्रशिक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं निष्काळजीपणे किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. झाकलेलं आणि ताब्यात: या दोन शब्दांत सगळं आलं. मुराकामीचं झाकलेलं होतं, ताब्यात नव्हतं. लग्नातल्या काकांचं दोन्ही नव्हतं.

'स्ट्रे डॉग' आवडला तर लू च्वान या चिनी दिग्दर्शकाचा 'द मिसिंग गन' (२००२) पाहा. छोट्या गावचा पोलीस बहिणीच्या लग्नात दारू पितो आणि सकाळी उठतो तेव्हा पिस्तूल नाही. त्यात तीन गोळ्या. हा सिनेमा हलका आहे, हसवतो, पण लग्न, दारू, ओळखीची माणसं आणि गावभर पसरणारी बातमी हे सगळं आपल्या फार जवळचं आहे.

'स्ट्रे डॉग'च्या शेवटी जखमी सातो इस्पितळातून मुराकामीला सांगतो की हळूहळू तू युसाला विसरशील. बऱ्याच समीक्षकांना हा शेवट शहाणपणाचा वाटतो. मला तो दुःखद वाटतो. सातो खोटं बोलत नाही. मुराकामी खरंच विसरेल, सगळेच विसरतात. पण विसरेपर्यंत, त्या एका उन्हाळ्यापुरता का होईना, तो प्रत्येक गोळी मोजत होता.

आमच्या टेबलावर कुणी मोजली नाही. ते पोरगं पुन्हा कुठल्यातरी लग्नात कुणाच्या तरी कमरेकडे पाहत उभं असेल. त्या दिवशी "तपासलं का?" एवढं विचारायला हवं होतं. पिस्तूल माझं नव्हतं. पण हसणं माझं होतं.