वेग आहे, टिकतो किती?

सुरतच्या उधना स्टेशनावर रेल्वेच्या तीन वाटा फुटतात. एक सुरतेतून वर भरूचकडे जाते, एक खाली वलसाडमार्गे मुंबईकडे, आणि तिसरी नंदुरबार, अमळनेर करत जळगावला. या तिसऱ्या वाटेनं खानदेशातली माणसं लूमवर कामाला आली, आणि उधना-लिंबायतच्या गल्ल्यांत अहिराणी रुजली. उरलेल्या दोन वाटांवर मात्र भारतीय वेगवान गोलंदाजीच्या तीन कहाण्या सापडतात, आणि आजच्या संघाबद्दल त्या बरंच काही सांगतात.

भरूच जिल्ह्यातलं इखर हे मुनाफ पटेलचं गाव. घरात कापसाच्या शेतावरची मजुरी, आणि मुनाफनं स्वतः टाइल्सच्या कारखान्यात रोजावर केलेलं काम. किरण मोरेंच्या नजरेत तो भरला, चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये पोहोचला आणि मार्च २००६ मध्ये मोहालीत इंग्लंडविरुद्धच्या पदार्पणातच त्यानं ७ बळी घेतले. तेव्हा तो ताशी १४० किलोमीटरच्या वर सहज जायचा. पाच वर्षांनी विश्वचषक जिंकणाऱ्या संघातही तो होता, ११ बळीही मिळाले, पण तोवर चेंडू १३० च्या घरात उतरला होता. दुखापती आल्या, टप्पा सांभाळायची जबाबदारी आली, वेग गेला. तेरा कसोटींत ३५ बळींवर त्याची कसोटी कारकीर्द थांबली. संघाला एक भरवशाचा गोलंदाज मिळाला हे खरं. पण मोहालीतला तो मुनाफ हरवला, याची रुखरुख राहतेच.

दुसरी कहाणी खुद्द सुरत जिल्ह्यातली. चोर्यासीत जन्मलेल्या हार्दिक पंड्यानं २०१८ मध्ये ट्रेंट ब्रिजवर २८ धावांत ५ इंग्लिश फलंदाज टिपले. त्याच दौऱ्यानंतर तो कसोटी खेळलेला नाही. पाठीनं दगा दिला, २०१९ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि लाल चेंडू कायमचा बाजूला पडला. वेगवान अष्टपैलूची जागा तेव्हापासून रिकामीच आहे. शार्दूल ठाकूर, नितीशकुमार रेड्डी यांनी ती आलटून पालटून सांभाळली, भरली कुणीच नाही.

तिसरा अर्झान नागवासवाला. वलसाड जिल्ह्यातल्या नारगोळचा हा डावखुरा गोलंदाज. २०१९-२० च्या रणजी हंगामात गुजरातसाठी ४१ बळी, आणि २०२१ मध्ये इंग्लंड दौऱ्यासाठी राखीव खेळाडू. तिथून पुढे दार उघडलं नाही. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजांतला श्रीरामपूरचा झहीर खान २०१४ मध्ये शेवटची कसोटी खेळला. ९२ कसोटी, ३११ बळी. त्यानंतर उनाडकट, नटराजन येऊन गेले, पण डाव्या हाताचा वेगवान गोलंदाज कसोटी संघात पाय रोवून उभा राहिला, असं घडलेलं नाही.

वेगाचा दुष्काळ आता नाही, हे मात्र मोकळ्या मनानं मान्य करायला हवं. सत्तरच्या दशकात सुनील गावसकर नवा चेंडू हातात घ्यायचे, तो फिरकीपटूंसाठी लवकर जुना व्हावा म्हणून. त्याच काळात महाराष्ट्राचे पांडुरंग साळगावकर फलंदाजांना हादरवत होते आणि एकही कसोटी न खेळता निवृत्त झाले. त्याच भारतानं जानेवारी २०१८ मध्ये जोहान्सबर्गला वेगवान गोलंदाजांच्या जोरावर प्रतिस्पर्ध्याचे वीसच्या वीस बळी घेतले. आयपीएलमध्ये उमरान मलिकनं १५७ गाठलं, मयंक यादवनं २०२४ मध्ये १५६.७. स्पीडगनवरचे हे आकडे पाहून कुणाचाही ऊर भरून येईल.

पण उमरान पुढे संघातून दिसेनासा झाला, आणि मयंकच्या पहिल्या हंगामाचे जेमतेम चार सामने झाले तोच दुखापत आली. चार षटकं जीव खाऊन टाकणं वेगळं आणि दिवसाला वीस षटकं टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा धावत येणं वेगळं. पुढचा पाय क्रीजवर आदळतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार टाच, गुडघा आणि कमरेच्या मणक्यांवर पडतो. विशीतली हाडं अजून पक्की व्हायची असतात, म्हणून हा भार हळूहळू वाढवावा लागतो. त्यासाठी रणजीसारखी शाळा नाही. निवडीत मात्र कौल बहुतेक वेळा आयपीएलच्या आकड्याला मिळतो, आणि इथंच चूक होते.

उमेश यादवचं उदाहरण या संदर्भात फार कमी वेळा दिलं जातं. नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या खाणकामगाराचा हा मुलगा विशीपर्यंत टेनिस बॉलवरच खेळला. सीझन बॉल उशिरा हातात आला, तरी कसोटीत १७० बळी घेतले आणि पस्तिशीतही १४० गाठत राहिला. तो अनेकदा स्वैर टाकायचा, धावा द्यायचा, हे खरंच. पण वेग टिकवायचा कसा, हे विचारायला आपल्याकडे त्याच्याइतका योग्य माणूस क्वचितच सापडेल. झहीरचा मार्ग वेगळा होता. २००६ मध्ये वूस्टरशरला जाऊन त्यानं रन-अप आखूड केला, थोडा वेग सोडला आणि त्या बदल्यात स्विंग व ताबा मिळवला. मुनाफचा वेग गेला, झहीरनं तो स्वतःहून सोडला. दोघांत फरक आहे तो एवढाच, आणि तो फार मोठा आहे.

आजच्या संघाचं माप बुमराहवरून काढायचा मोह आवरायला हवा. ऑस्ट्रेलियात २०२४-२५ च्या मालिकेत त्यानं ३२ बळी घेतले, सरासरी १३ ची. सिडनीला पाठ आखडली आणि शेवटच्या डावात तो एक चेंडूही टाकू शकला नाही. पुढे इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच कसोटी खेळला. तो नसताना बर्मिंगहॅमला आकाश दीपनं दहा बळी घेतले. सिराज पाचही सामने खेळला, १८५ हून अधिक षटकं टाकली, २३ बळी घेतले, आणि ४ ऑगस्ट २०२५ ला ओव्हलवर ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवून सहा धावांनी सामना जिंकून दिला. तो यॉर्कर १४३ चा होता. पाच कसोटींनंतर! मयंकच्या १५६ पेक्षा या १४३ चं मोल जास्त आहे.

उधन्यात वेगवान हात सापडायला वेळ लागणार नाही. लूमवर बारा तासांची पाळी उभ्यानं काढणाऱ्याच्या खांद्यात जोर असतोच, आणि सुट्टीच्या दिवशी मोकळ्या प्लॉटवर टेनिस बॉल सणसणत जातो. पण टेनिस बॉलवरून सीझन बॉलकडे जाताना स्पाइक्सचे बूट लागतात, पोटाला प्रथिनं लागतात, पाठ दुखली तर त्याच आठवड्यात बघणारा फिजिओ लागतो. लालभाई कॉन्ट्रॅक्टर स्टेडियम याच सुरत शहरात आहे, रणजीचे सामनेही तिथं झाले आहेत. त्या मैदानाच्या नेट्सपर्यंत लिंबायतचा सोळा वर्षांचा पोरगा कुणी घेऊन जातं का, आणि गेलाच तर पहिल्या वर्षी त्याच्याकडून किती षटकं टाकून घ्यायची हे कुणी लिहून ठेवतं का?